जुन्या सुमोतून नागसेनवनाकडे

केज तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर जानेवारी महिन्यात तरणी माणसे फारशी दिसत नाहीत. दसरा झाला की मुकादमांची वाहने येतात आणि एकेक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघून जातो. मागे उरतात म्हातारी माणसे, शाळेची पोरे आणि आमच्यासारखे दोन-चार नोकरीवाले. त्यामुळे १४ जानेवारी २०२५ च्या पहाटे चार वाजता आमची सुमो काही केल्या चालू होईना, तेव्हा तिला धक्का मारायला होते कोण? अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी चुलती, माझी माय, पन्नाशीच्या दोन भावजया, माझी पत्नी, मी आणि माझा धाकटा भाऊ. चाकावर पुतण्या बसला होता आणि दोन लहान पोरे मागच्या काचेतून आमची फजिती बघत होती.

थंडी चांगली कडक होती. बालाघाटाच्या माथ्यावरची पहाट ज्याने अनुभवली आहे त्याला सांगायला नको. जुने डिझेल इंजिन थंडीत लवकर तापत नाही, आणि आमच्या गाडीचे हीटर प्लग तर तसेही थकलेलेच. चुलती पदर खोचून म्हणाली, "ढकला रं, उतार हाय म्होरं." विहाराच्या उतारावर गाडीने दोन आचके दिले, काळा धूर सोडला आणि चालू झाली. पुतण्याने काच खाली करून माझ्याकडे पाहिले. तो बोलला काही नाही, पण त्याच्या पाहण्याचा अर्थ मला कळला. गेले सहा महिने त्याचा एकच धोशा होता : आता ही गाडी मोडीत काढा.

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. गाडीची नोंदणी मे २००० मधली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. २०१५ साली आम्ही वाढवली, २०२० साली टाळेबंदीमुळे आधी मुदतवाढ मिळाली आणि मग नूतनीकरण केले. आता मे २०२५ ला मुदत पुन्हा संपणार होती. पूर्वी या नूतनीकरणाला सहाशे रुपये लागत, ते १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. पर्यावरण कर वेगळा, विमा वेगळा, आणि तपासणीत पास व्हायची तर पत्र्याचे काम, ब्रेक, दिवे, टायर हा खर्च त्याहून वेगळा. पुतण्याने हिशेब मांडला : सगळे धरून चाळीस हजारांच्या घरात जाते. "काका, तुम्ही बीकॉम आहात, तुम्हीच सांगा, हा व्यवहार हाय का?" असे तो मला चार माणसांत विचारायचा. मी पडलो कारकून. आकड्यापुढे मला उत्तर सुचत नसे.

म्हणून ठरले होते की नामविस्तार दिनाला गाडीची ही शेवटची फेरी करायची. चुलतीला विद्यापीठाचे गेट दाखवून आणायचे आणि परत आल्यावर भंगारवाल्याला बोलवायचे.

या गाडीचा पूर्वेतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. टाटांची सुमो १९९४ साली बाजारात आली. सुमंत मूळगावकर या टेल्कोच्या माजी अध्यक्षांच्या नावातला 'सु' आणि आडनावातला 'मू' घेऊन हे नाव तयार झाले. पुष्कळांना वाटते की जपानी पहिलवानांवरून ठेवले. टाटामोबाईल पिकअपच्या सांगाड्यावरच ती बांधलेली, म्हणून तिची चाल मोटारीपेक्षा टेम्पोच्या जवळची. मागे समोरासमोर दोन बाके, दणकट पत्रा, खड्ड्याची पर्वा नाही. आमच्या भागात जो मुकादम पूर्वी राजदूतवर यायचा, तो गाळपाचे दोन-तीन हंगाम चांगले गेले की सुमोतून यायला लागायचा. २०१९ साली कंपनीने ती बनवणे बंद केले. नवे नियम तिला झेपणारे नव्हते.

आमची गाडी अशाच एका मुकादमाची. तो याच गाडीतून वस्तीवर यायचा. उचलीचे पैसे बॉनेटवर मोजले जायचे, कागदही बॉनेटवरच ठेवला जायचा आणि माझे वडील, चुलते, शेजारपाजारचे सारे त्या कागदावर अंगठा उठवायचे. पुढे त्याला पैशाची अडचण आली आणि २०१० साली त्याने गाडी विकायला काढली. एक लाख दहा हजारांत सौदा ठरला. आम्ही दोघे सख्खे भाऊ आणि दोन चुलत भाऊ मिळून चार वाटेकरी झालो. फॉर्म २९ आणि ३० मी भरले. कुठे बसून लिहायचे? तिथे टेबल नव्हते, म्हणून कागद पुन्हा बॉनेटवरच ठेवले. विक्रीच्या करारावर साक्षीदार म्हणून वडिलांनी सही केली. साक्षरतेच्या वर्गात ते नाव लिहायला शिकले होते. सही करायला त्यांना बराच वेळ लागला, मुकादम घड्याळ बघत उभा राहिला, आणि वडिलांनी घाई केली नाही. ते २०१६ साली गेले.

गाडी घेण्याचे कारण शौकाचे नव्हते. २००७ सालच्या पावसाळ्यात धाकट्या भावाच्या पत्नीला रात्री कळा सुरू झाल्या. जवळपास तीन जीपगाड्या होत्या. एकाने सांगितले डिझेल नाही. दुसऱ्याने सांगितले ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर तर ओट्यावर झोपलेला आम्हाला दिसत होता. तिसरा तयार झाला, पण तिप्पट भाडे आणि सीटवर आधी प्लास्टिकचा कागद अंथरायचा या अटीवर. तो कागद शोधण्यात अर्धा तास गेला. अंबाजोगाईला पोचलो तेव्हा उशीर झाला होता. भावजय वाचली, बाळ वाचले नाही. त्या माणसांची नावे मी इथे लिहीत नाही. ती माणसे अजून भेटतात, रामराम घालतात.

बाबासाहेबांनी 'व्हिसाची वाट पाहताना' या आठवणींत जे प्रसंग लिहिले आहेत ते वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्यातले तीन प्रसंग वाहनाचेच आहेत. १९०१ साली मसूरच्या स्टेशनवरून गोरेगावला वडिलांकडे निघालेल्या लहान भीमाला आणि त्याच्याबरोबरच्या मुलांना जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. पुढे १९२९ साली तेच भीमराव परदेशातल्या पदव्या घेऊन, बॅरिस्टर होऊन, सरकारी समितीचे सभासद म्हणून हिंडत असताना चाळीसगावला टांगेवाल्याने त्यांना न्यायला नकार दिला. लोकांनी टांगा भाड्याने घेतला, पण हाकायला बसवला तो आपल्यातलाच, ज्याने टांगा कधी हाकला नव्हता. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. तिसरा प्रसंग दौलताबादचा, तो पुढे येईल. आपल्या माणसाच्या हातात लगाम असला पाहिजे, आणि त्याला गाडी हाकताही आली पाहिजे, असे मी त्यातून घेतले. आमच्या पुतण्याला म्हणूनच आम्ही वयात आल्याबरोबर रीतसर परवाना काढायला लावला.

गाडी दारात आली त्या दिवशी वस्तीत छोटा वाद झाला. नारळ फोडायचा का? चाकाखाली लिंबू ठेवायचे का? आम्ही विहारासमोर गाडी उभी करून त्रिशरण-पंचशील घेतले आणि पेढे वाटले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात लिंबू कशाला, असे मी मोठ्या आवाजात बोललो. आठ दिवसांनी गाडी धुताना पुढच्या सीटखाली वाळलेले लिंबू सापडले. मायला विचारले तर ती म्हणाली, "पडलं आसंल बाजाराच्या पिशवीतून." मी पुढे विचारले नाही.

तर पंधरा वर्षे ही गाडी आम्ही पोसली. पोसली हाच शब्द बरोबर आहे. लिटरला अकरा किलोमीटर, उतार असला तर बारा. क्लच प्लेट दोनदा बदलली, रेडिएटर एकदा, मागचे पाटे तीनदा. मिस्त्री म्हणतो, या गाडीत न समजण्यासारखे काही नाही, म्हणून ती टिकली. सगळा खर्च मी एका वहीत लिहीत आलो. भाड्याने मात्र कधी चालवली नाही. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे घेऊन चालवली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. ज्याला न्यायचे त्याने जमेल तसे डिझेल टाकायचे, नसेल जमत तर नाही टाकायचे. वहीत 'दवाखाना' या सदराखाली रात्रीच्या एकेचाळीस फेऱ्या आहेत. त्यातल्या दोन फेऱ्यांपुढे मी 'वाटेत प्रसूती, दोघे सुखरूप' असे लिहिले आहे. २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली, त्यानंतर फेऱ्या कमी झाल्या. ही चांगलीच गोष्ट आहे. पण पावसात ओढ्याला पाणी असले की अजूनही माणसे आधी आमचे दार वाजवतात.

आता प्रवासाकडे वळतो. केज सोडले, नेकनूर मागे पडले आणि मांजरसुंब्याचा घाट उतरायला लागलो तेव्हा पूर्वेला तांबडे फुटत होते. घाटात समोरून उसाचे ट्रक येत होते. चुलती पुढच्या सीटवर होती. एरवी ती मागे बाकावर बसते, आज पुतण्यानेच तिला पुढे बसवले. बीड शहराला वळसा घालून, बिंदुसरा ओलांडून गेवराईच्या रस्त्याला लागलो. पूर्वी हा रस्ता म्हणजे कंबरेची परीक्षा होती, आता सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला आहे. नव्या गाड्या आमच्या बाजूने सूं करून निघून जात होत्या आणि आमची सुमो साठाच्या वेगाने, आपल्या वयाला शोभेल अशी, डाव्या बाजूने चालली होती. पुढे बॉनेटवर निळा झेंडा फडफडत होता. असेच निळे झेंडे लावलेल्या जीपा, क्रूझर, टेम्पो वाटेत भेटत. एकमेकांकडे बघून 'जयभीम' व्हायचा.

पाडळसिंगीचा टोलनाका ओलांडून गेवराईच्या अलीकडे काट्याने वरची रेघ गाठली आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. रेडिएटरची रबरी नळी फाटली होती. पुतण्या म्हणाला, "झालं? सांगत होतो मी." पण बोलता बोलता त्याने सीटखालून जुन्या ट्यूबची पट्टी आणि तार काढली आणि नळी गुंडाळायला सुरुवात केली. इंजिन थोडे थंड होईपर्यंत थांबणे भाग होते, आणि पाणी तर हवेच होते. आमच्या कॅनमधले पाणी पुरणारे नव्हते. रस्त्याला लागून एक आखाडा होता, तिथे चाळिशीतली एक बाई शेण काढत होती. चुलती आणि मी गेलो. पाणी मागितले. बाईने झेंड्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, "कोणतं गाव?" म्हणून विचारले. मी सांगितले. पुढचा प्रश्न कोणता येतो हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे, मी वाट पाहत राहिलो. तो आला नाही. तिने दोन घागरी भरून दिल्या आणि म्हणाली, "म्हातारीला आधी पाजा, गाडीला मागून."

चुलती खाली वाकली आणि तिने ओंजळ पुढे केली. हातावर पाणी घ्यायची तिची जन्माची सवय. घरी स्टीलचा पेला हातात घेऊन पिणारी ही बाई परक्याच्या दारात गेली की आपोआप वाकते, हे मी पूर्वीही पाहिले होते. त्या बाईला क्षणभर कळलेच नाही. मग कळले, आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. "आत्या, असं नगा करू, तांब्या घ्या की हातात," असे म्हणून तिने तांब्या तिच्या हातात दिला. चुलतीने तांब्या घेतला. वर धरून, तोंडाला न लावता प्याली, आणि परत देताना राहिलेल्या पाण्याने धुवून दिला. मी तिला त्यावरून गाडीत काही बोललो नाही. बोलणार तरी काय?

शहागडला गोदावरी ओलांडली. खाली पाणी संथ होते, घाटावर संक्रांतीची गर्दी होती. पाचोड, आडूळ करत दहाच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आमच्या तोंडच्या औरंगाबादेत, शिरलो.

विद्यापीठाच्या गेटचे वर्णन या साप्ताहिकाच्या वाचकांना मी काय करावे? बहुतेकांनी ते पाहिले आहे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की या दिवशी गाडी खूप लांब उभी करावी लागते आणि तिथून माणसांच्या लाटेबरोबर चालत जावे लागते. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला, आणि त्याची किंमत मराठवाड्यातल्या आमच्या वस्त्यांनी जळून मोजली. नाव प्रत्यक्षात लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मध्ये सोळा वर्षे गेली, लाँग मार्च निघाला, पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे आणि किती जण गेले. आमच्या चुलतीसाठी त्या सोळा वर्षांचा अर्थ एका रात्रीत आहे. १९७८ च्या त्या पावसाळ्यात गावात कालवा झाला आणि ती कडेवरचे मूल घेऊन ज्वारीच्या रानात रात्रभर बसून राहिली. मूल रडू नये म्हणून तिने त्याच्या तोंडात पदराचा बोळा धरला होता. ते मूल म्हणजे आज चाक धरून बसलेल्या पुतण्याचे वडील. ते आणि त्यांची बायको या वेळी कोल्हापूरकडे कारखान्यावर होते.

या गेटला चुलती कधी आली नव्हती. दरवर्षी काहीतरी आडवे येई. गेटसमोर पोचल्यावर तिने चप्पल काढली, वर लिहिलेले नाव मला वाचायला लावले, आणि एकदा वाचून झाल्यावर म्हणाली, "पुन्यांदा वाच." दुसऱ्यांदा मी वाचायच्या आत शेजारची नातवंडे वाचायला लागली. ती वाचत होती आणि चुलती मान हलवत होती.

पुस्तकांच्या दुकानांपुढे तास कसा गेला कळले नाही. दरवर्षी या रस्त्यावर पुस्तकांच्या ओळीच्या ओळी लागतात आणि माणसे जेवणाआधी पुस्तके घेतात. आम्ही 'बुद्ध आणि त्याचा धम्म'ची नवी प्रत घेतली, जुनीची पाने सुटली होती. दुकानदाराने विचारले, आता कुठे? मी ऐटीत सांगितले, वेरूळला. तो हसला. "आज मंगळवार, वेरूळ बंद." सगळा कार्यक्रम कागदावर मिनिटांसकट आखणाऱ्या कारकुनाकडून एवढी साधी गोष्ट राहिली. पत्नीने माझ्याकडे पाहिले. त्यावर मी इथे अधिक लिहीत नाही.

मग आधी नागसेनवनात गेलो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय इथे १९५० साली सुरू झाले आणि इमारतीची पायाभरणी १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. त्याला मिलिंद हे नाव बाबासाहेबांनी दिले. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारून विचारून शेवटी उत्तर पटले तेव्हा मान्य करणारा तो राजा. माझे स्वतःचे शिक्षण बीडला झाले, पण आमच्या तालुक्यातली पहिली पदवीधर पिढी इथेच घडली. ट्रंक आणि भाकरीचे गाठोडे घेऊन एसटीने आलेली. झाडे मोठी झाली आहेत. आम्ही त्यांच्याखाली भाकरी सोडल्या, पिठले, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. गाडीच्या मागच्या दाराची फळी म्हणजे आमचे ताट.

वेरूळ बंद म्हणून आम्ही औरंगाबाद लेण्यांकडे वळलो, आणि आता वाटते, बरेच झाले. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात ही लेणी आहेत. बीबी का मकबऱ्याला गर्दी करणारे लोक इथपर्यंत फारसे येत नाहीत. बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकातली, चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह त्याहून जुने. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून हात जोडलेले स्त्री-पुरुष कोरलेले आहेत, माणसाच्या उंचीचे. गळ्यात माळा, डोक्यावर केसांची तऱ्हा, एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. लहान पोर त्यांच्या रांगेत शेवटी जाऊन तसेच गुडघे टेकून बसले. ते हलवल्याशिवाय उठेना.

सातव्या लेण्याच्या दाराशेजारी अवलोकितेश्वराचे मोठे शिल्प आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेले वाटसरू कोरले आहेत. आग, चोर, साप, हत्ती, सिंह, बुडणारे जहाज अशी आठ भये. आम्ही कोणाला साकडे घालत नाही, त्यामुळे मी त्याच्याकडे प्रवाशाच्या नजरेने पाहिले. कोरणाऱ्याला वाटेवरच्या माणसाची भीती चांगली ठाऊक होती. आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, म्हणजे जुने तगर, आणि पैठण ही दोन्ही व्यापाराची गावे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक पुस्तकात लिहिले आहे की या गावांचा माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जात असे. तेरहून पैठणकडे निघालेल्या गाड्या आमच्याच पठाराच्या आसपासून गेल्या असतील. त्यांचेही आस मोडत असतील, त्यांनाही वाटेत कोणाच्या आखाड्यावर पाणी मागावे लागत असेल. पुतण्याला मी हे सांगितले. तो शिल्पाकडे बघत म्हणाला, "काका, यात रेडिएटर नाही." पहाटेपासून तो पहिल्यांदाच हसला.

पाच वाजता दौलताबाद. चढण्याइतका वेळ आणि गुडघे दोन्ही नव्हते, पण मुलांना तिथे उभे करून एक गोष्ट सांगायची होती. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळ पाहायला निघाले होते. वाटेत हा किल्ला. प्रवासाच्या धुळीने माखलेले सगळे जण दाराजवळच्या टाक्यावर हातपाय धुऊन आत निघाले, तेवढ्यात मागून ओरडा झाला की यांनी पाणी बाटवले. रमजानचे दिवस होते, ओरडणारे मुसलमान होते, मुलूख निजामाचा होता. पुष्कळ बाचाबाचीनंतर आत सोडले ते एका अटीवर, की आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. बरोबर हत्यारी शिपाई दिला. आपल्याला हिंदूच तेवढे अस्पृश्य मानतात असे नाही, हे बाबासाहेबांनी या प्रसंगावरून दाखवले.

पोरांनी गोष्ट ऐकली. मोठ्याने विचारले, "मग बाबासाहेब दिवसभर तहानलेलेच राहिले?" मला उत्तर देता आले नाही. चुलती गाडीच्या पायरीवर बसली होती. तिने कॅन पुढे ओढला, पेला भरला, पोराच्या हातात दिला आणि म्हणाली, "पी. सकाळच्या त्या बाईचं पानी हाय हे." मग स्वतःसाठी दुसरा भरला आणि तोंडाला लावून प्याली.

परतीचा प्रवास अंधारात झाला. दिवे जरा मंद पडत होते, पुतण्या सावकाश चालवत होता. त्याने मला हळूच विचारले, "त्या दोन पोरांचं काय झालं हो काका, गाडीत जन्मलेल्या?" एक हंगामी वसतिगृहात आहे, सहावीला, आणि दुसरी मागे झोपली आहे, असे मी सांगितले. त्याने आरशात मागे पाहिले. धाकट्या भावाची मुलगी आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती. २००७ नंतर पाच वर्षांनी, मांजरा नदीच्या पुलाजवळ जन्मलेली. पुतण्या तेव्हा शाळेत होता, त्याला हे नीट माहीतच नव्हते.

मांजरसुंब्याचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. वस्तीवर पोचायला साडेअकरा झाले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला फोन करायचे ठरले होते. सकाळी पुतण्या दारात उभा. मला वाटले फोन नंबर मागेल. त्याने नव्या रेडिएटर-नळीचे पैसे मागितले. मी म्हणालो, विकायची गाडी, नळी कशाला? तो म्हणाला, "तार किती दिवस टिकंल?"

वाटेकऱ्यांची बैठक एप्रिलमध्ये, तोडणीवरून माणसे परतल्यावर झाली. बराच वाद झाला. एक चुलत भाऊ म्हणाला की बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट आहे, मग हा हत्ती कशाला? रेल्वेही येतेच आहे. ते सारे खरे आहे. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आलीही, पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिल्यावर. पण ती केजवरून जात नाही, आणि रात्री दोन वाजता एसटी नसते. चुलत भावाला हे पटले असे नाही. त्याने आपला वाटा काढून घेतला, तो पुतण्याच्या वडिलांनी हंगामाच्या पैशातून घेतला. मे महिन्यात फॉर्म २५ भरला, गाडी तपासणीला एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. खर्च अंदाजापेक्षा साडेतीन हजारांनी जास्त झाला. नोंदणी मे २०३० पर्यंत आहे.

त्या जानेवारीच्या फेरीचा जमाखर्च मी १५ तारखेलाच वहीत लिहायला घेतला होता. डिझेल एकोणचाळीस लिटर, टोल, पार्किंग, पुस्तके. चुलती काठी टेकत आली, शेजारी बसली, पदराची गाठ सोडली आणि घड्या पडलेली शंभराची नोट वहीवर ठेवली. मी म्हटले, काकू, राहू दे. ती म्हणाली, "राहू दे कशाला? म्होरं बसून गेले मी. लिव्ह माझ्या नावानं."